डीसाच्या वाळूतला बटाटा: एक बोअर, आठ तास वीज आणि पाण्याची पाळी

उत्तर गुजरातमधल्या बनासकांठा जिल्ह्यात डीसा आहे. वर्षाचा पाऊस साधारण ६०० मिलिमीटर, तोही पावसाळ्यातल्या मोजक्या दिवसांत कोसळून मोकळा होतो. ऑक्टोबरनंतर पुढच्या जूनपर्यंत आभाळ बहुतेक कोरडेच असते. जमीन रेताड, मुठीत घेतली तर बोटांतून निसटणारी. या जमिनीत ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बटाटा लावतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात. म्हणजे लावणीपासून काढणीपर्यंत सगळे पीक उपशाच्या पाण्यावर उभे राहते.

तरीही बटाटा इथे नांदला, त्याला कारणे आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री थंड असतात आणि कंद पोसायला तेच लागते. रेताड मातीत कंदाला अडथळा नाही, त्यामुळे आकार गोल-गरगरीत येतो, साल स्वच्छ राहते आणि काढणी सोपी होते. पूर्वी बनास नदीच्या पात्रातल्या वाळूत बटाटा घ्यायचे. वर दांतीवाड्याचे धरण झाले, पात्र आटत गेले आणि पीक काठावरच्या शेतांत, विहिरींवर व पुढे बोअरवर सरकले. सरदारकृषिनगर दांतीवाडा कृषी विद्यापीठाचे बटाटा संशोधन केंद्र डीसालाच आहे. शीतगृहांची गर्दी झाली. मेहसाणा जिल्ह्यात मॅकेन कंपनीचा फ्रेंच फ्राइजचा कारखाना आला, करार शेती आली. लेडी रोझेटा हे वेफर्सचे वाण इथल्या शेतकऱ्यांच्या तोंडी बसले. बनास डेअरीचा बटाटा प्रक्रिया प्रकल्प दियोदरला एप्रिल २०२२ मध्ये सुरू झाला. कारखान्याला एकसारख्या आकाराचा, कमी साखरेचा, भरपूर शुष्कांश (पाणी वगळून उरणारा घन भाग) असलेला बटाटा हवा असतो. पाण्याची पाळी चुकली की नेमके हेच गुण बिघडतात.

म्हणून हे प्रकरण मी पाण्याच्या बाजूने मांडतो आहे. डीसा तालुका भूजलाच्या सरकारी वर्गवारीत 'अतिशोषित' आहे, म्हणजे दरवर्षी जेवढे पाणी मुरते त्याहून जास्त उपसले जाते. सहाशे ते हजार फूट खोल बोअर तिथे नवलाईचे राहिलेले नाहीत. खर्चामुळे अनेक शेतकरी भागीदारीत बोअर घेतात आणि हिश्शाप्रमाणे पाणी वाटून घेतात. अशा ठिकाणी बटाटा घ्यायचा तर कसा, आणि ठिबक-तुषार आल्याने नेमके काय सुधारले व काय सुधारले नाही, हे पाहायचे आहे.

हिशेबासाठी धरलेले शेत

चार हेक्टर रेताड जमीन, एक बोअर. बोअरचे पाणी सेकंदाला १० लिटर, म्हणजे तासाला ३६ हजार लिटर. वीज दिवसाला ८ तास. हा आठ तासांचा आकडा हवेतला नाही. २००३ ते २००६ या काळात गुजरातने ज्योतिग्राम योजनेखाली शेतीचे फीडर, म्हणजे वीजवाहिन्या, वेगळे केले आणि शेतीला ठरलेल्या वेळी सुमारे आठ तास थ्री-फेज वीज द्यायला सुरुवात केली. बाकीचे आकडे मी हिशेबासाठी धरले आहेत. ज्याच्या त्याच्या बोअरला, मातीला ते वेगळे येतील, पण गणिताची रीत बदलणार नाही.

आधी पिकाची गरज पाहू. १०० दिवसांचे पीक धरले, तर उगवणीच्या काळात दिवसाला दोनेक मिलिमीटर, पाल्याने सरी झाकल्यावर साडेतीन ते चार, आणि फेब्रुवारीत ऊन चढू लागले की पाचच्या आसपास. सगळे मिळून पीक साधारण ३०० मिलिमीटर पाणी वापरते. एक मिलिमीटर पाणी एका हेक्टरवर पसरले की १० घनमीटर होते. म्हणजे हेक्टरी ३,००० घनमीटर.

आता माती किती धरते ते पाहू, कारण या प्रकरणाची सगळी मेख तिथे आहे. बटाट्याची बहुतेक मुळे वरच्या ३०-४० सेंटिमीटरमध्येच असतात. डीसासारखी रेताड माती मीटरभर खोलीत साधारण ८० मिलिमीटर उपयुक्त ओलावा धरते असे मानले, तर ४० सेंटिमीटरच्या थरात ३२ मिलिमीटर आले. पण हे सगळे बटाट्याला सुखाने घेता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सिंचन मार्गदर्शनात बटाट्यासाठी हा वाटा सुमारे ३५ टक्के धरला आहे. कापसासाठी तोच ६५ टक्के आहे. कापूस तहान सोसतो, बटाटा सोसत नाही. ३२ चे ३५ टक्के म्हणजे ११ मिलिमीटर. ही माती तांब्याएवढी आहे. त्यात घागर ओतली तर उरलेले पाणी खाली जाणारच.

दिवसाला साडेतीन मिलिमीटर खर्च आणि गाठीला ११ मिलिमीटर. तीन दिवसांनी पाणी परत यायलाच हवे.

सरीने काय होत होते

सरीतून पाणी सोडले की रेताड माती ते वाटेतच पिऊन टाकते. सरीच्या शेवटापर्यंत पाणी पोहोचवायचे तर ५०-६० मिलिमीटर सोडावेच लागते; ११ मिलिमीटर सरीने देता येत नाही, कितीही मन लावून पाणी धरले तरी. ६० मिलिमीटरची पाळी म्हणजे हेक्टरी ६०० घनमीटर, चार हेक्टरला २,४०० घनमीटर. आपला बोअर आठ तासांत २८८ घनमीटर देतो. भागाकार केला तर एक फेरी पुरी व्हायला आठ दिवसांहून जास्त लागतात.

याचा अर्थ नीट पाहा. पहिल्या दिवशी भिजलेल्या सरीकडे पाणी परत येते नवव्या दिवशी. तोवर पिकाची गरज जवळपास ३० मिलिमीटर झालेली असते. मातीतून सुखाने मिळणारे ११ मिलिमीटर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच संपले. पुढचे चार-पाच दिवस पीक ताणात. नवव्या दिवशी ६० मिलिमीटर येते, त्यातले ३० माती धरते आणि ३० मुळांच्या खाली निघून जाते, सोबत नत्र घेऊन. म्हणजे एकाच आठवड्यात पीक तहानलेलेही राहते आणि निम्मे पाणी वायाही जाते.

या शेतात शेतकऱ्याचे चुकले कुठे? कुठेच नाही. पाळीचे अंतर पिकाने ठरवलेले नाही, बोअरच्या धारेने आणि विजेच्या तासांनी ठरवलेले आहे. सल्ला देणारा 'दर तीन दिवसांनी हलके पाणी द्या' असे सांगून निघून जातो, पण सरीच्या पद्धतीत तो सल्ला पाळणे शक्यच नसते. 'आमचे शेतकरी पाणी जास्त देतात' हे वाक्य मला म्हणूनच खटकते. जास्त दिले हे खरे, पण कमी देण्याची सोय त्यांच्या हातात नव्हती.

हंगामभरात अशा दहाएक पाळ्या झाल्या की ६०० मिलिमीटर होतात. गरजेच्या दुप्पट.

तुषार आणि ठिबक

गुजरातने २००५ मध्ये सूक्ष्म सिंचनासाठी गुजरात ग्रीन रेव्होल्यूशन कंपनी ही स्वतंत्र संस्था काढली आणि अनुदान एकाच खिडकीतून द्यायला सुरुवात केली. करार करणाऱ्या प्रक्रिया कंपन्यांनाही एकसारखा माल हवा होता, त्यांनीही तुषार आणि ठिबकचा आग्रह धरला. बनासकांठ्यात बटाट्यावर दोन्ही पद्धती पसरल्या.

तुषारने पाऊणशे-ऐंशी टक्के पाणी कामी येते असे धरू. १२ मिलिमीटर पिकाला द्यायचे तर १५ सोडायचे. चार हेक्टरला ६०० घनमीटर, म्हणजे दोन दिवसांची वीज. तिसऱ्या दिवशी पाळी परत सुरू करता येते आणि तरी काही तास हाताशी उरतात. ठिबकला नव्वद टक्के धरले, तर चार हेक्टरला रोज १५६ घनमीटर लागते. मोटर चार तास वीस मिनिटे चालली की काम झाले. फेब्रुवारीत गरज पाच मिलिमीटरवर गेली तरी सव्वासहा तासांत भागते. आठ तासांची वीज जी सरीला तोकडी होती, तीच आता पुरून उरते. हंगामाचे एकूण पाणी ठिबकने ३४० मिलिमीटरच्या आसपास, तुषारने ३९० च्या आसपास.

पण पाण्याची बचत हा माझ्या मते दुसरा फायदा. पहिला फायदा हा की पाळीचे अंतर शेतकऱ्याच्या हातात आले. उत्पादन आणि प्रत सुधारली त्याचे मूळ तिथे आहे.

दोन्हींमध्ये निवड करताना सरसकट उत्तर चालत नाही. तुषाराने सगळा वरंबा भिजतो, माती थंड राहते, लावणी यंत्राने आणि भर ट्रॅक्टरने देता येते, काढणीआधी नळ्या गोळा करण्याचा खटाटोप नाही. थंडीच्या लाटेत एखाद्या रात्री पारा घसरून हिम पडण्याची भीती असते, तेव्हा हलके तुषार चालू ठेवले तर पाला वाचू शकतो. उलट बाजूला वाऱ्यात पाणी एकीकडे जाते, आणि बोअरचे पाणी खारट असेल तर पानांच्या कडा करपतात. करप्याचा प्रश्नही आहे. जानेवारीत ढगाळ हवा आली की उशिरा येणारा करपा डोके वर काढतो, आणि पाने जितके तास ओली तितका तो फोफावतो. पहाटे तुषार चालवले तर दवाने पाने ओली असतातच, उन्हाने दोन-तीन तासांत सुकतात. संध्याकाळी चालवले तर ओल रात्रभर टिकते. आता ही वेळ पाळायची तर वीज त्या वेळी हवी. गुजरातने ऑक्टोबर २०२० मध्ये किसान सूर्योदय योजना सुरू करून शेतीला दिवसा, पहाटे पाच ते रात्री नऊच्या दरम्यान वीज देण्याचे धोरण घेतले. बटाट्याच्या दृष्टीने ही रोगनियंत्रणाचीही गोष्ट आहे, हे फारसे कुणी बोलत नाही.

ठिबकला रेताड जमिनीत एक खास अडचण येते. काळ्या जमिनीत ड्रिपरचे पाणी आडवे पसरते, वाळूत ते सरळ खाली जाते. म्हणून दोन ड्रिपरमध्ये अंतर ३० सेंटिमीटरच्या आसपास ठेवावे लागते आणि पाणी थोडे थोडे, शक्य तर रोज द्यावे लागते. चार दिवसांचे पाणी एकदम सोडले तर ठिबकनेही पाणी मुळांखाली जाईल आणि सरीपेक्षा फारसे बरे काही घडणार नाही. घरी ठिबक आले पण पाळी जुनीच राहिली, अशा शेतात पैसे पाण्यात जातात. शिवाय रेताड भागातल्या बोअरमधून वाळू येते. मुख्य फिल्टरच्या आधी हायड्रोसायक्लोन, म्हणजे पाण्यातली वाळू वेगळी काढणारे साधन, नसेल तर ड्रिपर हंगामाच्या मध्येच बुजतात. तपासणी अगदी सोपी आहे. लॅटरलच्या (ड्रिपर असलेल्या नळीच्या) सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ड्रिपरखाली बाटल्या ठेवायच्या, ठरावीक मिनिटे पाणी गोळा करायचे आणि मोजायचे. शेवटच्या बाटलीत पहिलीपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त तूट आली तर दाब, फिल्टर, गळती यांपैकी काहीतरी बिघडले आहे. पाल्याचा रंग बदलेपर्यंत थांबलात तर उशीर होतो.

कोणत्या दिवसांत हात आखडायचा नाही

बटाट्याच्या आयुष्यात सगळे दिवस सारखे नसतात, आणि पाणी मोजके असेल तर हे जाणणे फार मोलाचे आहे.

लावणीच्या वेळी डीसात दिवसाचा पारा अजून तिशीच्या वर असतो. आधी जमीन ओलवून, वाफसा आल्यावर लावणी करायची. बेण्याच्या आत स्वतःचे पाणी असते. कोंब वर येईपर्यंत त्याला ओलसर, थंड माती पुरते. कापलेल्या बेण्याला या काळात चिखल केला तर ते जमिनीतच सडते. आंबवणीचे, म्हणजे लावणीनंतरचे, पाणी हलकेच हवे.

लावणीनंतर साधारण तिसाव्या दिवसाच्या आगेमागे जमिनीखालच्या फांद्यांच्या टोकांना कंद धरायला लागतात. हे दोन-तीन आठवडे सगळ्यांत नाजूक. या वेळी ताण पडला तर झाडाला कंदच कमी धरतात आणि नंतर कितीही पाणी पाजले तरी ती संख्या वाढत नाही. दुसरे म्हणजे खरूज. कोवळ्या कंदाभोवतीची माती या दिवसांत कोरडी राहिली तर सालीवर खवले धरणारा हा रोग बळावतो. माती सतत ओलसर ठेवणे हाच त्यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय. सरीच्या नऊ दिवसांच्या फेरीत तो जमत नाही, तीन दिवसांच्या फेरीत जमतो. कारखान्याच्या दारात खरूज लागलेला माल बाजूला काढला जातो तेव्हा त्याचे मूळ बहुधा दोन महिने आधीच्या एका चुकलेल्या पाळीत असते.

पुढे कंद पोसण्याचा काळ. पाण्याची सगळ्यांत जास्त गरज इथे, पण गरजेइतकेच महत्त्वाचे आहे सातत्य. एक आठवडा कोरडा आणि मग भरपूर पाणी, असे झाले की थांबलेला कंद एकदम फुगतो. साल तडकते, बाजूला गाठी फुटतात, मोठ्या कंदांत पोकळी धरते. ताणातून गेलेल्या बटाट्याच्या एका टोकाला साखर साठते आणि तळल्यावर ते टोक काळपट होते. फ्रेंच फ्राइजसाठी असा माल चालत नाही. अति पाण्यानेही नुकसान आहे: कंदाच्या सालीवरची छिद्रे फुगून पांढरे ठिपके दिसू लागतात आणि त्यातून सडवणारे जंतू शिरतात.

शेवटी पाला कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी पाणी बंद करायचे. पाला कापल्यावर आणखी दहा-पंधरा दिवस कंद जमिनीत ठेवले की साल पक्की होते. इथे शेतकऱ्याचा जीव खालीवर होतो; वजन वाढेल या आशेने एक पाणी जादा दिले जाते. पण ओल्या जमिनीतल्या कच्च्या सालीचा बटाटा शीतगृहात टिकत नाही.

नत्राचेही इथेच सांगतो. रेताड मातीत लावणीवेळी एकदम दिलेला युरिया दोन-तीन जड पाळ्यांत मुळांखाली जातो. ठिबकमधून तोच युरिया लहान हप्त्यांत, कंद पोसण्याच्या मध्यापर्यंत देता येतो. त्यानंतर नत्र चालू ठेवले तर पाला हिरवा राहतो, साल पिकायला उशीर होतो आणि शुष्कांश घटतो.

माती पाहायची सवय या सगळ्याच्या मुळाशी आहे. वरंब्यात वीतभर खोल हात घालून माती काढा, मुठीत दाबा. रेताड मातीचा हलका गोळा होऊन हाताला ओल लागली तर आज पाणी नको. गोळा मोडून माती सुटी झाली तर उशीर झाला. ज्यांना शक्य आहे त्यांनी टेन्सिओमीटर, म्हणजे मातीतल्या पाण्याचा ताण दाखवणारे उपकरण, बसवावा आणि अशा हलक्या जमिनीत काटा २५-३० सेंटिबारला आला की पाणी सोडावे. वरची माती पाहून निर्णय घेऊ नये, वाळू वरून तासाभरात सुकते.

बचत गेली कुठे

आता या प्रकरणातला मला सगळ्यांत अस्वस्थ करणारा भाग. सरीने चार हेक्टरला २४,००० घनमीटर उपसा होत होता. ठिबकने तो साधारण १३,६०० वर आला. दहा हजार घनमीटरहून जास्त पाणी वाचले. चारही बाजूंना असे झाले असेल तर पाण्याची पातळी सावरायला हवी होती. बनासकांठा तरीही अतिशोषितच राहिला. का?

एक कारण मातीच्या खाली आहे. बटाट्याने पानांतून उडवलेले ३०० मिलिमीटर दोन्ही पद्धतींत तेवढेच आहे, किंबहुना ठिबकवर पीक जोमदार आले तर थोडे जास्तच. कमी झाले ते मुळांखाली झिरपणारे पाणी आणि ओल्या सरीतून उडणारी वाफ. यांतली वाफ ही निखळ बचत. झिरपणारे पाणी मात्र पूर्वीही सगळे नष्ट होत नव्हते, काही अंशी वरच्या थरात परत जात होते. उत्तर गुजरातच्या गाळाच्या जमिनीत वाळू आणि चिकणमातीचे थर एकावर एक आहेत. खोल बोअर ज्या थरातून पाणी ओढतो तिथपर्यंत वरून झिरपलेले पाणी लवकर पोहोचत नाही. म्हणून उपसा घटला याचा खोल थराला दिलासा आहेच, वीजही वाचते. फक्त तो दिलासा १०,००० घनमीटरचा नाही, हे समजून घ्यायला हवे.

दुसरे कारण जमिनीच्या वर आहे आणि ते जास्त वजनदार आहे. वाचलेले पाणी बोअरमध्ये राहत नाही. मार्चमध्ये बटाटा निघाला की त्याच शेतात उन्हाळी बाजरी किंवा भुईमूग येतो. बनास डेअरीमुळे जिल्ह्यात दुधाचा मोठा पसारा आहे, गाई-म्हशींना वर्षभर हिरवा चारा लागतो आणि त्यासाठी रजको म्हणजे लसूणघास घेतात. दोन हेक्टर उन्हाळी पिकाला ६०० मिलिमीटर पाणी दिले की १२,००० घनमीटर झाले. बटाट्यात वाचलेले सगळे पाणी तिथेच संपले, वर थोडे अधिक गेले. बाजरीने ते उडवून टाकलेले असल्यामुळे त्यातले जमिनीत परत जाण्यासारखे फारसे उरत नाही. जुन्या वीजजोडण्यांना अश्वशक्तीवर ठोक आकारणी असल्यामुळे जादा तास मोटर चालवण्याला वेगळा खर्चही जाणवत नाही.

यात मी शेतकऱ्याला दोष देत नाही. दूध हा घरात पंधरवड्याला पैसा आणणारा धंदा आहे, बटाट्याचा भाव ज्या वर्षी पडतो त्या वर्षी घर दुधावरच चालते. पण अनुदान देणाऱ्या सरकारने फक्त 'किती हेक्टरवर ठिबक बसले' एवढेच मोजू नये. बोअरमागे वर्षभराचा उपसा मोजला जायला हवा. २०१९ अखेर सुरू झालेल्या अटल भूजल योजनेसाठी बनासकांठा निवडला गेला. गावाने स्वतःच्या पाण्याचा ताळेबंद मांडावा ही तिची कल्पना मला योग्य दिशेची वाटते. उन्हाळी क्षेत्र किती ठेवायचे हा निर्णय एकेकट्याने घेऊन चालत नाही, कारण एकाने मोटर बंद ठेवली तर त्याचे पाणी शेजारचा बोअर ओढतो.

खोल जाताना आणखी एक किंमत मोजावी लागते. या पट्ट्यात खोल पाण्यात क्षार आणि फ्लोराइड वाढलेले आढळतात. बटाटा क्षारांना हळवा आहे: मुळांभोवतीच्या मातीच्या अर्काची विद्युतवाहकता (क्षारांचे माप) मीटरला १.७ डेसिसीमेन्सच्या वर गेली की उत्पादन घटू लागते, आणि पुढच्या प्रत्येक एककाला साधारण १२ टक्के घट येते. ठिबकमध्ये क्षार ओल्या पट्ट्याच्या कडेला साचतात. हिवाळ्यात अवकाळी सरी पडल्या तर तेच क्षार धुऊन मुळांत येतात, म्हणून त्या वेळी ठिबक बंद न करता चालू ठेवावे लागते. चांगल्या पावसाळ्यात वाळूतले क्षार बरेचसे खाली जातात, ही या जमिनीची मोठी जमेची बाजू. पाण्याची तपासणी दरवर्षी लावणीआधी करावी. बोअर खोल केला असेल तर हमखास.

हे गणित आपल्याकडे मांडताना

महाराष्ट्रातला बटाटा वेगळ्या परिस्थितीत उभा आहे, म्हणून डीसाची पाळी उचलून इथे आणता येणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या खटाव-कोरेगावकडे मध्यम काळ्या जमिनीत विहिरीवर रब्बी बटाटा घेतला, तर माती मीटरला १८० मिलिमीटर धरते असे मानून ४० सेंटिमीटरमधून बटाट्याला २५ मिलिमीटर सुखाने मिळतात. दिवसाला साडेतीन खर्च धरला तर पाळी सात दिवसांची. इथे सरीसुद्धा नीट आखली तर बऱ्यापैकी चालते, आणि रोज ठिबक चालवले तर वरंबा सदा ओला राहून कंद सडण्याची भीती वाढते. काळ्या जमिनीत चूक उलट बाजूला होते: पाळी लांबली की भेगा पडतात, कंद उघडे पडून हिरवे होतात.

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातले सातगाव पठार याहून निराळे. पेठ, कुरवंडी, थुगाव, भावडी या गावांत बटाटा खरिपात, पावसावर घेतात. तिथे धोका पावसाच्या खंडाचा. हलक्या-मध्यम जमिनीतून बटाट्याला १५-२० मिलिमीटर मिळतात असे धरले तर खंडाच्या पाचव्या-सहाव्या दिवसापासून पीक ताणात जाते, आणि तो खंड नेमका कंद धरताना आला तर हंगाम हातचा जातो. कळमोडी धरणाचे पाणी पठारावर यावे ही मागणी जुनी आहे. तोवर हाताशी शेततळे आहे. २०१६ मध्ये आलेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतले ३० बाय ३० मीटर, तीन मीटर खोल शेततळे भरले की २,१९६ घनमीटर पाणी धरते. तुषारने २५ मिलिमीटरची एक पाळी द्यायला हेक्टरी साधारण ३१५ घनमीटर लागतात. दोन हेक्टरच्या बटाट्याला अशा तीन पाळ्या त्यातून निघतात. पहिली खंडाच्या सहाव्या दिवशी, झाडे दुपारी माना टाकण्याआधी द्यायची. दुसरी, खंड लांबलाच तर, त्यानंतर पाच दिवसांनी. तिसरी राखून ठेवायची ती कंद पोसण्याच्या काळातल्या पुढच्या खंडासाठी. तळ्यात अस्तर नसेल तर मुरणारे पाणी यातून वजा करूनच क्षेत्र ठरवावे.